खंडेनवमीचा पाळणा

भीमाप्पा शिंगेला काळजी करायला कारण लागत नसे. कारण हाताशी नसलं, की तो ते कुठून तरी हुडकून आणायचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचा, परत येऊन कुलूप ओढून बघायचा, आणि मग बस चुकणार म्हणून काळजी करायचा. बेळगावाहून सदलग्याला, आपल्या गावी जाताना आख्खी बस माना टाकून झोपलेली असे. हा मात्र मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसे. ड्रायव्हरला डुलकी लागली तर कुणीतरी जागं असायला नको का, असं त्याचं म्हणणं. त्याची आई तानीबाई सांगायची, की हे पोरगं तान्हेपणीसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायचं.

आता ही काळजी काही हवेतून आली नव्हती. आईबाप दोघंही सदलग्यात लोकांच्या रानात राबलेले. उद्याचं काम मिळेल का, हा प्रश्न त्या घरात रोज भाकरीबरोबर ताटात पडायचा. भीमाप्पा वसतिगृहात राहून शिकला, जीवाणूशास्त्राची पदवी घेतली आणि पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. तिथं पहिल्याच आठवड्यात त्याला सांगण्यात आलं, की एका माणसाचा हात क्षणभर चुकला तर सगळा माल फेकून द्यावा लागतो. झालं! आजवर घरचे ज्या स्वभावाला नावं ठेवत होते, त्याला कंपनीनं सर्टिफिकेटच दिलं.

पुण्यातच एका शेतकी प्रदर्शनात त्यानं जीवाणू खताची पाकिटं बघितली. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठीत राहणारे जीवाणू हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात. ते प्रयोगशाळेत वाढवायचे, काळ्या भुकटीत मिसळायचे, आणि पेरणीच्या आधी गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळायचे, इतका साधा तो कारभार. पण लांबून येणारी पाकिटं चिक्कोडी-निपाणीकडं पोचेपर्यंत गुदामाच्या उकाड्यात आतले जीवाणू मेलेले असायचे. शेतकरी भुकटी चोळायचे, काही फरक दिसायचा नाही, आणि मग लोक म्हणायचे, चुलीतली राख विकत्यात. हे भीमाप्पाला फार लागलं. ज्या रानात बाप वाकून वाकून म्हातारा झाला, त्या रानासाठी आपल्याला एक गोष्ट करता येते, आणि ती तिकडंच राहून करता येते, हे एकदा डोक्यात बसल्यावर त्याला पुण्यात चैन पडेना. ऐंशी साली तो नोकरी सोडून बेळगावात आला. तानीबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

जागा मिळायला वर्ष गेलं. काही जण 'जंतू' हा शब्द ऐकून नको म्हणाले, काही जण आडनाव ऐकून. कुणी कशासाठी नाही म्हटलं, हे त्याला तोंडाकडं बघून कळायचं. शेवटी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, रवळू बिर्जे नावाचा एक माणूस भेटला. खानापूरकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. गुऱ्हाळाचे चरक बनवायचा, पंप दुरुस्त करायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"त्ये जंतू लोखंड खात न्हाईत न्हवं?"

"न्हाई, अण्णा."

"मग माझं काय जातंय? शेडची मागची बाजू तुला."

तिथून त्या दोघांचा संसार सुरू झाला. संसारच म्हणायचा, कारण भांडणं तशीच होती. एक लोखंड सुतात मोजणार, दुसरा उष्णता अंशात. एकाला सगळं जाडजूड लागायचं, दुसऱ्याला सगळं धुतलेलं. रवळूनं बॉयलरच्या पत्र्यापासून मोठ्या कुकरसारखं भांडं बनवून दिलं, वाफेनं बाटल्या निर्जंतुक करायला. ते इतकं भक्कम झालं, की झाकण उघडायला दोन माणसं लागायची. मग आलं हलवायचं मशीन. हे जीवाणू काचेच्या चंबूत, पातळ खाद्यात वाढतात, आणि त्यांना सारखी हवा लागते. म्हणून चंबू ट्रेमध्ये बसवून आठवडाभर सतत हलवत ठेवायचे. रवळूनं ऊस चरकायच्या जोरावर मशीन बनवलं आणि पहिल्याच दिवशी चंबू उडून भिंतीवर फुटले. भीमाप्पा दोन दिवस बोलला नाही. रवळूही बोलला नाही, पण त्या दोन दिवसांत त्यानं मशीन खोलून नवं केलं. आता ते नीट हलायचं. फक्त त्याचं बेअरिंग वरचेवर जळायचं, आणि करंट गेला की भीमाप्पाचा जीव जायचा.

"थांबलं की गुदमरत्यात ती," भीमाप्पा समजावून सांगायचा. दिवसातून अनेकदा सांगायचा.

रवळूची बायको मनुबाई दुपारी डबा घेऊन यायची. तिनं एकदा हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे लेकरंच की वो. झोका हाय तवर गप."

भीमाप्पा हसला. बरोबरच होतं ते.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. पहिल्या वर्षी त्याचा माल नासला. खाद्यात दुसरेच जंतू शिरले, आणि सदलग्याच्या सोसायटीनं घेतलेली सगळी पाकिटं वाया गेली. सोसायटीचा सत्याप्पा हा सरळ माणूस. त्यानं आरडाओरडा केला नाही, पण पुढच्या वर्षी भीमाप्पाला चावडीपाशी गाठून स्पष्ट सांगितलं.

"औंदा हरभऱ्याला एकदा बघतो. मुळावर गाठी दिसल्या तर दरसाल तुझंच घिऊ. न्हाई दिसल्या, तर मात्र पुन्यांदा हिकडं पिशवी घिऊन यायचं न्हाई. आणि हे मी तुझ्या बापाकडं बघून बोलतोय बरं."

ते शेवटचं वाक्य भीमाप्पा घेऊन आला आणि रात्रंदिवस चघळत बसला. हरभऱ्याची पेरणी दसरा झाला की लगेच. रानातली ओल कुणासाठी थांबत नाही. दसऱ्याच्या आठवड्यात चंबूत जे वाढेल तेच शेवटचं. ते बिघडलं तर पुन्हा वाढवायला वेळ नाही, सदलग्यात तोंड दाखवायला जागा नाही, आणि पुण्याची नोकरी तर केव्हाच दुसऱ्या कुणाची झालेली.

आणि नेमका त्याच वर्षी तानीबाईनं हट्ट धरला. दसऱ्याला विहारात सगळा समाज पांढऱ्या कपड्यांत जमतो. बाप गेल्यापासून भीमाप्पा काही त्या दिवशी घरी गेला नव्हता. चंबू होते ना! तानीबाईनं निरोप पाठवला, "औंदा आला न्हाईस तर मीच येतो आणि तुझ्या बाटल्यांपाशी बसतो."

"जा की रं," रवळू म्हणाला. "मी हाय न्हवं?"

"मशीन थांबवायचं न्हाई, अण्णा."

"न्हाई."

"करंट गेला तर ट्रे हातानं हलवायचा. चंबूच्या तोंडचा कापूस काढायचा न्हाई. बेअरिंग तापलं—"

"भीमा," रवळू म्हणाला, "मी चरक बनवतो. माझी बोटं अजून धाच्या धा हाईत. जा."

आजवर भीमाप्पानं ते चंबू कुणाच्याच हवाली केले नव्हते. खंडेनवमीच्या सकाळी तो निघाला, फाटकापर्यंत गेला, परत आला, मशीन चालू असल्याचं बघितलं आणि पुन्हा निघाला. मष्णू नावाचा टर्नर लेथ पुसत होता. तो म्हणाला, "सर, आणि एकदा याल तेव्हा येताना चा घिऊन या."

इथं मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगायला हवी. खंडेनवमीला उद्यमबागेत मशीन धुतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, कोहळा फोडतात. त्यानंतर दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत मशीनला विसावा. पूजेला बसलेल्या मशीनचं बटण कुणी दाबत नाही. मागच्या वर्षी रवळूच्या शेडमध्ये लेथपासून हातोड्यापर्यंत सगळ्यांना हार पडले. भीमाप्पाच्या मशीनला तेवढा नाही. हे बौद्ध, त्यांना चालेल न चालेल, उगाच कशाला, असा विचार रवळूनं केला होता, आणि तो वाईट मनानं केला नव्हता. भीमाप्पाही "बरं झालं, चालू राहिलं" असं म्हणाला होता. पण नारळाचा प्रसाद घेताना त्याची नजर एकदा त्या बिनहाराच्या मशीनवर गेली आणि तिथंच राहिली. सगळ्यांच्या पंगतीतून बाजूला काढलेलं माणूस कसं दिसतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. प्रसाद तोंडात टाकून तो बाटल्या धुवायला गेला. मनुबाईनं मात्र ते बघितलं होतं.

सदलग्यात भीमाप्पाचं लक्ष कशात लागलं नाही. विहारात वंदना झाली, पोरांनी गाणी म्हटली, तानीबाई नव्या पांढऱ्या लुगड्यात लेकाला मिरवत होती. हा मात्र कुठं दिवा मिणमिणला, की उद्यमबागेत करंट गेला असेल म्हणून दचकायचा. दसऱ्याच्या दुपारी जेवण पुढ्यात असताना तो उठला.

"आये, जातो."

"जेवून तरी जा की रं!"

तिनं भाकरी फडक्यात बांधून दिली. ती बेळगावपर्यंत तशीच बांधलेली राहिली.

तो उद्यमबागेत उतरला तेव्हा दिवस कलला होता. कारखाने बंद, फाटकांना आंब्याची पानं, रस्त्यावर फुटलेल्या कोहळ्याच्या कुंकवानं लाल झालेल्या फोडी. त्याच्या मशीनची एक चाल होती, घर्र टक, घर्र टक. ती रस्त्यावरून ऐकू यायची. भीमाप्पा कान देऊन चालला. शेडपाशी आला तरी चाल नाही. तो पळायला लागला.

आत मशीन उभं होतं. गार. मोटरीवर झेंडूचा हार, बटणावर झेंडूचं फूल. आणि ट्रे नव्हता. चंबू नव्हते.

भीमाप्पानं ट्रेच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. तो तिथंच लोखंडाच्या पट्ट्यांवर बसला. राग इतका आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढं सांगून, एवढं घोकून, शेवटी ह्यांनी पूजा केलीच! सत्याप्पाचं ते वाक्य कानात वाजायला लागलं. पुढच्या महिन्यात आपण पुण्यात दारोदार नोकरी मागत असू, इथपर्यंत तो क्षणात जाऊन पोचला. काळजीच्या कामात तो फार चपळ होता.

मग त्याला दोराचा आवाज आला. कुई... कुई... आणि त्याबरोबर कुणीतरी हलक्या आवाजात म्हणत असलेलं पाळण्याचं गाणं.

तो पत्र्याच्या आडोशापलीकडं गेला. छताच्या लोखंडी तुळईला चार दोर बांधले होते. दोरांना ट्रे टांगला होता. ट्रेमध्ये सगळे चंबू, खाली घडी घातलेली गोधडी, कापसाची बुचं जागच्या जागी. मनुबाई स्टुलावर बसून एका हातानं झोका देत होती. शेजारी मष्णू भिंतीला टेकून पेंगत होता. रवळू कोपऱ्यात उभा होता, शाळेत खिडकीची काच फोडलेल्या पोरासारखा.

"भीमा, माझं ऐकून घे आधी," रवळू म्हणाला. "मनू म्हणली, गेल्या साली त्याचं मशीन सोडलं, औंदा सोडायचं न्हाई. मी म्हटलं बरं, आरतीपुरतं बंद करतो आणि लगी चालू करतो. कुंकू न्हाई लावलं. तुमच्यात चालतंय का म्हाईत न्हवतं, म्हणून नुसती फुलं घातली."

"मग चालू का न्हाई केलं?"

रवळूनं मष्णूकडं बोट दाखवलं. मष्णू जागा झाला होता.

"हार पडल्यावर बटण दाबायचं न्हाई, सर," तो गंभीरपणे म्हणाला. "माझ्या बापानं एकदा दाबलंतं."

"ह्यो बटणासमोर आडवा झाला," रवळू म्हणाला. "मी मालक, माझं कोण ऐकतंय? आणि खरं सांगू? माझाबी हात धजेना. तुझ्या मालाला काय झालं असतं, तर जन्मभर वाटलं असतं, त्या बटणानंच झालं."

"मग मीच म्हटलं," मनुबाई झोका न थांबवता म्हणाली, "मशीनला इसावा दिलाय, हातांला कुठं दिलाय? पाळणा काय नवमीला थांबतोय व्हय? कालधरनं पाळीपाळीनं बसतोय आम्ही. शेजारच्या फौंड्रीतल्या बायकासुद्दा येऊन गेल्या. चालंल न्हवं वो भावजी?"

भीमाप्पा ट्रेपाशी गेला. त्यानं एक चंबू उचलून उजेडात धरला. आतलं पाणी दुधाळ झालं होतं. दुधाळ होणं चांगलंच, पण नासलेलंही दुधाळच दिसतं, हे त्याला पहिल्या वर्षानं शिकवलं होतं. थेंबभर पाणी काचेवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकापाशी बसला. मागं तिघं येऊन उभे राहिले. त्यानं डोळा लावला, चकती फिरवली, पुन्हा फिरवली.

काचेवरच्या त्या थेंबात बारीक बारीक काड्या इकडून तिकडं पळत होत्या. नुसती वळवळ. एकसारखी, एका जातीची, जिवंत.

"हाईत," भीमाप्पा म्हणाला. "सगळी हाईत."

त्याचा जीव भांड्यात पडला. आणि तो रडायलाच लागला. मनुबाईनं घाबरून विचारलं, "मग रडताय का वो?" त्यावर त्यानं त्या हार घातलेल्या मशीनकडं बोट दाखवलं. तिला कळलं. तिनं रवळूला कोपर मारलं, की बघा, मी म्हणत न्हवते?

अर्थात इतक्यावर विश्वास ठेवील तो भीमाप्पा कसला! त्यानं लाल रंगाचं खाद्य घातलेल्या काचेच्या ताटल्यांवर माल वाढवून बघितला. परका जंतू असला तर लाल होतो, आपला पांढरा राहतो. तीन दिवसांनी ताटल्या उघडल्या तर पांढरेशुभ्र ठिपके. तेव्हा कुठं त्यानं भुकटी भरली आणि पिशव्या सदलग्याला नेल्या. सोसायटीच्या अंगणात गुळाच्या पाण्यात बियाणं चोळलं, सावलीत वाळवलं, आणि सत्याप्पानं ओल धरून पेरलं.

थंडी पडल्यावर सत्याप्पानं त्याला रानात बोलावून नेलं. बांधावर वाकून त्यानं खुरप्यानं हरभऱ्याचं एक रोप मातीसकट उचललं आणि पाण्यात हलवलं. मुळावर दाटीनं गाठी लगडल्या होत्या. भीमाप्पानं नखानं एक फोडली. आत गुलाबी. काम करणारी गाठ आतून गुलाबीच असते.

सत्याप्पानं शेजारचं रोप उपटलं, मग पलीकडचं. मग खुरपं खाली ठेवून म्हणाला, "तुझा बाप ह्याच बांधावर जेवायला बसायचा रं." आणि त्यानं ते रोप भीमाप्पाच्या हातात दिलं. "आईला दाखव जा."

तानीबाईनं ते रोप पाण्यात घालून उंबऱ्याशी ठेवलं. आल्यागेल्याला ती ते दाखवायची. वाळून काडी झालं तरी टाकलं नाही.

त्या पाळण्याचंही पुढं नवल झालं. भीमाप्पाच्या लक्षात आलं, की टांगलेल्या ट्रेला हलवायला फार कमी जोर लागतो. रवळूच्या लक्षात आलं, की खाली बेअरिंगच नसलं तर जळणार काय? दोघं आठवडाभर भांडले आणि टांगलेलं मशीन तयार झालं. झोक्याला हळूच टोला द्यायला लहानशी मोटर, आणि करंट गेला तर बाजूला एक दोरी, कुणीही ओढावी. बेळगावच्या एका कॉलेजनं ते बघून तसंच मागितलं, मग धारवाडकडून कुणी आलं. नाव काय द्यायचं यावर पुन्हा भांडण झालं. भीमाप्पानं शास्त्रातलं लांबलचक नाव काढलं होतं. शेडमध्ये सगळे त्याला पाळणाच म्हणत राहिले, आणि वर्षभरात तोही म्हणायला लागला.

पुन्हा खंडेनवमी आली. हरभऱ्याचा माल पाळण्यात होता, मागल्यापेक्षा दुप्पट. हारांची टोपली आली, कोहळा आला. रवळू हातात हार घेऊन भीमाप्पाच्या मशीनपाशी थबकला आणि त्याच्याकडं बघत राहिला.

भीमाप्पा पुढं झाला. त्यानं स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. मोटर थांबली. झोका मंद व्हायच्या आत त्यानं दोरी मनुबाईच्या हातात दिली.

"वहिनी, जातो मी."

"कायबी सांगायचं न्हाई?" रवळूनं विचारलं.

"न्हाई," भीमाप्पा म्हणाला आणि निघाला. मष्णू फाटकापाशी बराच वेळ उभा राहिला. भीमाप्पा परत आला नाही.

दुपारी सदलग्याच्या बसमध्ये कंडक्टरनं एका माणसाला खांद्याला धरून हलवलं. "ओ साहेब, उठा की! सदलगा मागंच ऱ्हायलं, बोरगाव आलं. किती वरडलो मी!"

भीमाप्पानं डोळे उघडले. मांडीवरची पिशवी घरंगळून पुढच्या सीटखाली गेली होती. मान अवघडली होती. तो खिडकीबाहेर बघून खुदकन हसला, आणि परतीची गाडी बघायला उतरला.

घरी पोचेपर्यंत सांज झाली. तानीबाई दारात उभीच होती. "का रं एवढा उशीर? मशीनचं काय झालं काय?"

"काय न्हाई, आये. बसमधी झोप लागलती."

तानीबाईनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. मग तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि पदरानं डोळे पुसले.